बेण्यावरची तांबडी लव

सेसम्माळ सातव्या वर्षापासून आईबरोबर पांबन बेटाच्या खडकांपाशी बुड्या मारून विकायला समुद्री शेवाळ खुडत आली होती. पन्नाशी उलटल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ती चार बायांच्या गटात शिरली आणि उत्तरेच्या उथळ समुद्रात बांबूच्या तराफ्यांवर शेवाळ वाढवू लागली. दोरीला बेणं बांधायचं, पंचेचाळीस दिवसांनी कापायचं. सगळ्यांत सकस बेणं तिचंच, म्हणून बाकीच्या तिच्याकडूनच नेत.

त्या वर्षी पंगुनीच्या महिन्यात, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, वारा पडला. आठवडाभर पाणी जागचं हललं नाही, कमरेइतक्या पाण्यातही कोमट लागे. एका सकाळी तिसऱ्या तराफ्यावरची फांदी चाचपताना तिचं बोट अडखळलं. एरवी गुळगुळीत लागणारी फांदी खरखरीत झाली होती, अंगावर काटा यावा तशी. तिनं ती उन्हात धरली. मोहरीहून बारीक काळे ठिपके, आणि त्यातल्या दोन ठिपक्यांतून तांबूस केस फुटलेले.

ही लव तिनं एकदाच पाहिली होती. झाडावर बांडगूळ असतं, तसं शेवाळावर वाढणारं हे दुसरं शेवाळ. दिसायला रेशीम, पण फांदीत रुतून तिला सडवणारं. आठ वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीचे सगळे तराफे यानं महिन्याभरात खाल्ले होते.

तिनं आपले अकराही तराफे पाहिले. नऊ खरखरीत निघाले. आणि सतरा दिवसांपूर्वी त्याच तिसऱ्या तराफ्यावरचं बेणं रूबीनं नेलं होतं. रूबी गटात नवी, सव्वीस वर्षांची. तिचं हे पहिलंच पीक.

घरी नवरा सांदियागू बांबू चिरत होता. त्याला तिनं सगळं सांगितलं. कोयता न थांबवता तो म्हणाला, "समुद्रानं आणलं म्हण. तुझ्या बेण्यातून गेलं हे कोण सांगणारेय?"

तिनं पेज तशीच झाकून ठेवली आणि ती रूबीकडे गेली.

रूबी अंगणात दोऱ्या सोडवत होती. सेसम्माळनं उभ्यानंच सांगितलं, माझ्या तराफ्यांवर लव आलीय, तुझेही आजच बाहेर काढावे लागतील. रूबीला आधी थट्टाच वाटली. "अजून अठ्ठावीस दिवस आहेत, अक्का. तुझं बिघडलं म्हणून मी माझं कापू होय?"

"तुझ्याकडे ते माझ्याकडूनच आलंय."

रूबीच्या हातातली दोरी थांबली. "माहीत असून दिलंस?"

"नाही. पण देताना चाचपायला हवं होतं. त्या दिवशी मला घाई होती."

रूबी दोरी टाकून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

सेसम्माळनं गटातल्या बाकीच्या दोघींनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडं पाडून का होईना, आपलं पीक कापलं. सेसम्माळचे उरलेले दोन तराफेही एव्हाना खरखरीत झाले होते; तिचं तर सगळंच गेलं. पाण्यात उरले फक्त रूबीचे सात तराफे. ते तिथं असेपर्यंत नवीन बेणं बांधण्यात अर्थ नव्हता, कारण एका तराफ्यावरची लव पाण्याबरोबर दुसऱ्यावर जाते. गटातली थोरली पुष्पम शेवटी वैतागून म्हणाली, "पहाटे जाऊन तिचे नांगराचे दोर कापू. एकदाचं संपेल."

"तिच्या दोराला हात लावायचा नाही," सेसम्माळ म्हणाली. "लावायचा असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे."

तीन दिवस ती रोज सकाळी पाण्यात उतरून रूबीच्या तराफ्यांपासून हातभर अंतरावर तिची वाट बघत उभी राहिली. त्यांना शिवली मात्र नाही. रूबी किनाऱ्यावरून बघे आणि परत फिरे. तिसऱ्या दिवशी किनाऱ्याकडच्या तराफ्यावर वरूनच तांबूस झाक दिसायला लागली.

चौथ्या दिवशी रूबी स्वतः पाण्यात आली. डोळे सुजलेले होते. "चाचपून सांग," एवढंच म्हणाली.

सेसम्माळनं एकेक तराफा तपासला. सहा गेलेले होते. सातवा सगळ्यांत बाहेरचा, जिथं थोडा तरी प्रवाह होता. तिनं तो दोनदा चाचपला, मग रूबीचा हात धरून त्या फांद्यांवरून फिरवला. फांद्या गुळगुळीत होत्या.

दोघींनी मिळून सहा तराफे ओढत किनाऱ्यावर आणले आणि भरतीच्या रेषेपलीकडे वाळूवर पसरले. राहिलेला तराफा खोल प्रवाहात नेऊन बांधला. त्यातूनच आडीच्या महिन्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, चौघींपुरतं बेणं निघालं. पीक विरळच आलं, पण स्वच्छ आलं.

रूबी आता सेसम्माळशी बोलते, सणाला घरीही येते. पण तिच्याकडचं बेणं घेताना एकेक फांदी तिच्यासमोरच चाचपते. तिचं होईपर्यंत सेसम्माळ टोपली धरून उभी राहते.