बासष्ट अंगठे

तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत तुमच्या नावावर किती ठराव मंजूर झाले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? मी सारी नोकरी कागदपत्रे तपासण्यात घालवली आणि माझ्या स्वतःच्या गावचे मला माहीत नव्हते. मग पवनी तालुक्यातले हे प्रकरण हाती आले. त्यातले शाईचे पॅड आठवले की आजही माझे कान तापतात.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन काही वर्षे झाली होती. मी वैनगंगेच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. धान कापणीला आला होता. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच नदीकाठच्या एका गावातून तीसचाळीस माणसे ठाण्यावर आली. पुढे पांढऱ्या शर्टातले उपसरपंच, त्यांच्या मागे बगलेत वही धरलेला ग्रामसेवक.

"साहेब, सरपंचबाईनं नदी विकली," उपसरपंच म्हणाले. "नदीत पोकलेन उतरली तेव्हा आमाले मालूम पडलं."

रेतीघाटाला, म्हणजे नदीतली वाळू उपसण्याच्या ठेक्याला, ग्रामसभेची मंजुरी लागते. वहीत ऑगस्टमधल्या सभेचा ठराव होता, खाली सरपंचबाईंची सही आणि त्यांच्याच वस्तीतल्या बासष्ट बायकांची नावे, प्रत्येक नावापुढे अंगठा. बाकी गावाला न कळवता बाईंनी आपल्या बाया गोळा करून मंजुरी दिली, अशी तक्रार होती. ग्रामसेवक दर वाक्याला मान हलवत होता.

"आरक्षणानं खुर्ची भेटते साहेब, अक्कल भेटत नाही," उपसरपंच हसून म्हणाले. मागची माणसेही हसली. मी हसलो नाही, पण त्यांना गप्पही केले नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

सरपंचबाई बौद्ध वस्तीतल्या, मजुरीवर जगणाऱ्या. पद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होते. जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. वही मी घडी करून फक्त सही दाखवली. साक्षीदारांची नावे संशयिताला दाखवायची नाहीत, हा माझा नियम.

"सही तुमची?"

"माहीच आहे जी."

मी चमकलो. असा कबुलीजबाब कोणी पहिल्या प्रश्नाला देत नाही.

"पण पान कोरं होतं," त्या म्हणाल्या. "मी रोवण्यात होती, धान लावून राहिली होती. ग्रामसेवक शेताच्या धुऱ्यावर आले. बाई, टपाल जाऊन राहिलं, तहकूब सभेचं पान आहे, एक सही करा म्हणाले. हात धुतले आनि केली."

"कोऱ्या पानावर?"

"नेहमीच अशीच घेतेत जी. आमाले वाटलं, असंच असते."

बाहेर आलो तर वस्ती आमच्याकडे पाहत होती, बाईंकडे कोणी पाहत नव्हते. आपली नावे त्या वहीत आहेत, एवढे बायकांच्या कानावर आले होते. आम्ही सभेला गेलो नाही, मग नावे घातली कोणी? सरपंचबाईनेच, असा त्यांनी निकाल लावला होता. तिला कोणी कापणीला हाक मारीत नव्हते. बोअरिंगवर ती आली की बाकीच्या बाजूला होत. गुन्हा सिद्ध झाला असता तर पद गेले असते, तुरुंगही झाला असता. पण त्या दोन्हींपेक्षा वस्तीने तोंड फिरवले, हे तिला अधिक जाळत होते. "साहेब, मले अटक करा, पण यांले एकदा सांगा का मी नाही केलं," असे ती मला दारापर्यंत येऊन म्हणाली होती.

तिला दुसऱ्या दिवशी अटक करायची, असे मी ठरवले होते. सही खरी, तक्रार लेखी, साक्षीला ग्रामसेवक. आणखी काय हवे?

माझ्या बीटच्या हवालदाराची स्वतःची चार एकर धानाची शेती होती. स्टेशन डायरी लिहिता लिहिता तो म्हणाला, "साहेब, या तारखेले दुपारी बारा वाजता बासष्ट बाया सभेत बसल्या म्हणते. रोवण्याच्या दिवसात? घरात मयत झाली तरी बाई अर्धा दिवस थांबून बांधीत जाते."

मी अटक थांबवली. त्या तारखेला या बाया कोठे रोवणा करत होत्या, याचा तपास त्याने अड्याळच्या बाजारात बसून दोन दिवसांत लावला. निम्म्याहून अधिक बाया उपसरपंचाच्याच बांधीत, म्हणजे त्याच्या धानाच्या शेतात होत्या. रेतीघाट ज्याला मिळाला, तो उपसरपंचाचा सख्खा मेहुणा निघाला.

आता अंगठे ताडून पाहायचे होते. बायकांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून आम्हीच पंच, कागद आणि शाईचे पॅड घेऊन वस्तीतल्या विहारात गेलो. बासष्ट जणी सतरंजीवर बसल्या. सरपंचबाई बाहेर पायरीवर, एकटी.

पहिली एक सत्तरीची आजी उठली. मी पॅड पुढे केले.

"हे कायले?"

"रजिस्टरात तुमचा अंगठा आहे आजी. नमुना घ्यायचा आहे."

"माहा अंगठा?" तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळले. "चार साल झाले, मी अंगठा लावलाच नाही. पेन दे."

मी पेन दिले. ती मांडी घालून बसली, जीभ दातात धरली आणि एकेक अक्षर कोरल्यासारखे तिने आपले नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव लिहिले. मग कागद दूर धरून पाहिला. "पाहा जी, एखादा काना राहिला असन तं."

काना राहिला नव्हता. मागची बाई म्हणाली, "माहीबी सहीच आहे." तिच्या मागची म्हणाली, "आमची साऱ्याईची." तेव्हा कोठे माझे लक्ष भिंतीवरच्या फळ्याकडे गेले. सरपंच होण्याच्या आधी पायरीवर बसलेली ती बाई रोज संध्याकाळी या विहारात बायकांना अक्षरे शिकवत असे. बासष्टपैकी एकीनेही पॅडला बोट लावले नाही.

मी ते पॅड हातात धरून उभा होतो. आजी म्हणाली, "साहेब, तुमालेबी आमी अंगठेवाल्याच वाटलो काय?"

मी पॅडचे झाकण लावले. खरे उत्तर हो असे होते. नमुना अंगठ्याचाच घ्यायचा, हे मी कोणालाही न विचारता ठरवले होते. उपसरपंच आणि ग्रामसेवकाने जे गृहीत धरून गुन्हा केला, तेच गृहीत धरून मी तपास करत होतो.

आजी पायरीकडे वळली. "ये व बाई, अंदर ये. आमची अक्कल चरायले गेली होती."

सरपंचबाई उठली नाही. "अकरा दिवस मले कोनी पानी इचारलं नाही," ती म्हणाली. आजीने कोपऱ्यातल्या माठातून गडवा भरला, बाहेर नेला आणि तिच्यापुढे धरून उभी राहिली. शेवटी बाईने तो घेतला.

ग्रामसेवकाला मी त्याच दुपारी ठाण्यात बसवले. हात लावला नाही. बासष्ट सह्यांचे कागद त्याच्यासमोर एकेक करून मांडले. विसाव्या कागदाला तो घामाघूम झाला.

"अंगठे कोणाचे?"

"माझे साहेब. आणि उपसरपंचांच्या ड्रायव्हरचे."

"दोघांचे मिळून बासष्ट?"

"बोटं आलटूनपालटून, पुन्हापुन्हा लावली." त्याने समोरचे कागद जरा दूर सारले. "हाताची संपली तेव्हा ड्रायव्हरनं पायाची लावली."

नागपूरच्या अंगुलिमुद्रा तज्ज्ञांचा अहवालही पुढे तेच सांगत आला. गावाची नदी खणायची की नाही, यावर बासष्ट बायकांचे मत म्हणून सरकारदरबारी जे दाखल झाले होते, त्यात एका ड्रायव्हरच्या पायाची बोटे होती! वरून नीचपणा असा, की ज्या बाईचा त्या ठरावाला विरोध झाला असता, तिच्याच गळ्यात तो अडकवायचा, म्हणजे घाटही मिळतो आणि खुर्चीही.

या बाया सही करतात, हे गावच्या ग्रामसेवकाला ठाऊक कसे नव्हते? कारण त्याने त्यांना सभेत कधी पाहिलेच नव्हते. मागच्या साऱ्या सभांचे हजेरीपटही त्याने घरी बसूनच भरले होते.

उपसरपंचाला अटक केली, तेव्हा तो चिडून म्हणाला, "त्या वस्तीतल्या बाया सही करतेत, हे आमाले कोनं सांगितलं?" जणू फसवणूक त्याचीच झाली होती.

घाटाची परवानगी रद्द झाली. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. उपसरपंच आठवड्याच्या आत जामिनावर सुटून आला आणि त्याच्या स्वागताला फटाके वाजले. ग्रामसेवक निलंबित झाला, पुढे दुसऱ्या तालुक्यात रुजू झाला. मी निवृत्त झालो तेव्हा खटल्याला तारीख पडत होती. सरपंचबाईने मात्र आपली मुदत पूर्ण केली. पुढच्या प्रत्येक सभेत मागचे इतिवृत्त तिने स्वतः मोठ्याने वाचले आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारल्याशिवाय सही केली नाही.

सत्ता गावाच्या हाती दिली, असे आपण भाषणांतून ऐकतो. सत्ता गावात आली हे खरे, पण ती एका वहीत बसून आली आणि ती वही कोणाच्या तरी बगलेत आहे. कोऱ्या पानावर सही करणाऱ्या त्या बाईला हसणाऱ्यांनी एक ऐकावे. मी स्वतः कोऱ्या पंचनाम्यावर पंचांच्या सह्या घेतल्या आहेत. "मजकूर मागाहून लिहितो" म्हणून घेतल्या आहेत. सारे खाते घेत होते. विहारातल्या त्या दिवसानंतर एकही घेतली नाही, पण आधीच्या घेतल्याच होत्या. गुन्हेगार ज्या सवयीवर पोसला, ती आम्हीच लावलेली होती.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. हजेरीचे रजिस्टर तुमच्या दारात आले, तर सही न करता परत पाठवा. कोऱ्या पानावर बापाने मागितली तरी देऊ नका. आणि या आठवड्यात एकदा ग्रामपंचायतीत जा, इतिवृत्ताची वही मागा. देत नसतील तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. वही मिळाली की आपले नाव शोधा, त्यावर बोट ठेवा आणि पुढे काय आहे ते पाहा. सही असेल तर ती तुमची आहे का, बघा. अंगठा असेल तर तो कोणाचा, हे तिथेच उभे राहून मोठ्याने विचारा.