लोर्ना टिडवेलचे ओठ हलेनात

अमेरिकेतल्या ब्रॅन्सन या करमणुकीच्या गावात रात्रीचे खेळ करणारे सकाळच्या खेळवाल्यांना कलाकार समजत नाहीत. लोर्ना टिडवेलला त्याचं कधी काही वाटलं नाही. हायवेलगतच्या एका मोटेलच्या हॉलमध्ये ती वर्षानुवर्षं न्याहारीच्या वेळी बोलक्या बाहुलीचा खेळ करत आली होती. लोकांच्या बशीत गरम पाव आणि त्यावर सॉसेजची पांढरी ग्रेव्ही, समोरच्या टेबलांवर आयोवा-नेब्रास्काहून बस करून आलेली पेन्शनर मंडळी, आणि स्टेजवर लोर्नाच्या मांडीवर बब्बा पामर. बब्बा म्हणजे मेपलच्या लाकडाचा एक तोंडाळ म्हातारा.

लोर्नाच्या कलेत उणीव एकच होती. बब्बा बोलला की तिचे ओठ हलत. थोडेथोडके नाही, मागच्या टेबलावरून दिसतील इतके. शहाणा बाहुलीवाला आपल्या बाहुलीला असं नाव ठेवतो, की ते घेताना ओठ मिटावे लागू नयेत. हिने नेमकं उलटं केलं होतं. पण विनोद चांगले असत, ग्रेव्ही त्याहून चांगली असे, त्यामुळे तक्रार कुणी केली नाही. नवरा व्हर्लिन दिवे आणि आवाज सांभाळायचा. तो म्हणे, आपल्या गिऱ्हाइकांचे निम्मे चष्मे बसमध्येच राहतात, तू कशाला जिवाला लावून घेतेस.

मे महिन्यात मोटेलच्या मालकाने हायवेवर नवा फलक लावला. त्यावर लोर्ना आणि बब्बा, गालाला गाल लावून, धान्याच्या कोठाराएवढे. बब्बाच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन चिरा होत्या, कारण जबडा तिथूनच खालीवर होई. फलकावर तशाच दोन चिरा लोर्नालाही होत्या. शिवाय वरच्या ओठावर बारीक उभ्या सुरकुत्या, नाडी आवळलेल्या बटव्यासारख्या. व्हर्लिनने गाडी कडेला घेतली, मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सुताराने काम झकास केलंय. दोघांचंही."

त्या रात्री त्याला जेवण स्वतःच गरम करून घ्यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात लोर्ना कुणाला न सांगता स्प्रिंगफील्डला गेली. तिथे एका दवाखान्यात मारिसेला नावाची नर्स चेहऱ्याची कामं करायची. तिने लोर्नाच्या हातात आरसा दिला आणि एकेक उपाय समजावून सांगितला. ओठांच्या कोपऱ्यांखालच्या खोल रेषांमध्ये सुईने फिलर, म्हणजे मऊ जेल, भरता येतो, तो वर्षभर टिकतो. वरच्या ओठावरच्या बारीक सुरकुत्यांसाठी लेझर आहे, नाहीतर आम्ल लावून कातडीचा वरचा थर काढता येतो, पण मग आठवडाभर तोंड भाजलेल्या वांग्यासारखं दिसतं. आणि बोटॉक्स आहे. त्याने ओठ आवळणारा स्नायू सैल पडतो, सुरकुत्या पडत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं.

लोर्नाला रोजचा खेळ होता. भाजलेलं वांगं परवडणार नव्हतं. तिने फिलर आणि बोटॉक्स दोन्ही सांगितले, आणि बोटॉक्स जरा सढळ हाताने द्या म्हणाली.

मारिसेला थांबली. गाणं म्हणता का, ट्रम्पेट वगैरे वाजवता का, ओठांवर पोट असलेलं काही काम करता का, असं तिने विचारलं. खरं सांगितलं तर ही बाई सुई खाली ठेवेल, हे लोर्नाने ताडलं.

"छे हो," ती म्हणाली. "मी लाकडाचं काम करते."

पहिले काही दिवस स्वर्गसुख होतं. चिरा भरून आल्या. बटव्याची नाडी सुटली. मोटेलचा मालकसुद्धा म्हणाला, सुट्टीवर जाऊन आलीस की काय. मग एका सकाळी दात घासून टाकलेली चूळ बेसिनमध्ये पडायच्या ऐवजी कोपरावर पडली. कॉफी हनुवटीवरून ओघळली. लोर्नाने आरशासमोर उभं राहून शीळ घालून पाहिली. नुसती हवा आली.

व्हर्लिनला तिने तेव्हा सगळं सांगितलं. नशिबाने नवऱ्याच्या नावात ओठ मिटावे लागत नव्हते, त्यामुळे हाक तरी धड मारता आली. आजचा खेळ रद्द करू, असं तो म्हणाला. पण बाहेर आयोवाची बस येऊन थांबली होती आणि पाव भट्टीतून निघाले होते.

पडदा वर गेला. लोर्ना हसली, म्हणजे निदान डोळ्यांनी हसली, आणि म्हणाली, "नवस्कार वंडळी. वी लोर्ना. आणि हा वाझा वित्र, वव्वा फावर."

हॉलमधले काटे-चमचे थांबले. पुढच्या टेबलावरच्या एका आजींनी कानातलं यंत्र काढून त्याच्यावर टिचकी मारली.

व्हर्लिन मागून दोन्ही हात हलवून खुणा करत होता, की पाण्याची करामत आज गाळ. ही करामत म्हणजे खेळाचा कळस. लोर्ना ग्लासभर पाणी एका दमात पिते आणि त्याच वेळी बब्बा बडबडत राहतो. पण माणसाच्या अंगात सवय अशी भिनलेली असते की हात आपोआप ग्लासाकडे जातो. लोर्नाने ग्लास ओठांना लावला आणि तिरका केला. पाणी आत गेलंच नाही. ते तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून सारखं वाटून खाली आलं आणि जांभळ्या सॅटिनच्या ब्लाउजवर पसरलं. लोर्नाला वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात तिच्या मांडीवरून बब्बाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "छत गळतंय, की हीच गळतेय?"

हॉल हशात बुडाला. एक धिप्पाड म्हातारा नॅपकिन घेऊन उठला आणि थेट स्टेजपाशी आला. आपण जन्मभर नळजोडणी केली आहे असं त्याने सांगितलं, आणि लोर्नाच्या हनुवटीकडे जाणकार नजरेने बघून म्हणाला, "वॉशर गेलाय, बाई."

लोक टेबलं बडवून हसत होते. पण लोर्नाच्या मनात वेगळंच चालू होतं. छत गळतंय हे वाक्य स्पष्ट आलं होतं, एकही अक्षर घसरलं नव्हतं, आणि ओठ तसूभरही हलले नव्हते.

दुपारी तिने मारिसेलाला फोन केला. उतारा काही नाही, तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरेल, असं उत्तर मिळालं. मग मारिसेलाने जरा कडक आवाजात विचारलं, "तुम्ही लाकडाचं काम म्हणाला होतात ना?"

"तो लाकडाचाच आहे," लोर्ना म्हणाली. "चांगला वेफलचा."

तो सगळा उन्हाळा नवराबायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जुन्या विनोदांतली प, ब, म अशी ओठांची अक्षरं वेचून काढत होती, तांदळातले खडे वेचावेत तशी. म्हैस गेली, तिथे गाय आली. पोपट गेला, कावळा आला. 'बायको' या शब्दावर दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी व्हर्लिनने 'घरची' सुचवलं आणि ते लोकांना जास्तच आवडलं. राहता राहिलं बब्बाचं नाव. त्यावर लोर्नाने तोड काढली. ती त्याला हात धरून उभा करायची आणि लोकांना विचारायची, "हा कोण?" अख्खा हॉल त्याचं नाव ओरडायचा. हिचे ओठ हलत नाहीत ही बातमी बसवाल्यांमध्ये पसरली, आणि रात्रीचे खेळ करणारे दोघे-तिघे न्याहारीच्या निमित्ताने येऊन मागच्या टेबलावर बसून गेले.

घरी मात्र एवढं सुख नव्हतं. तिने मुका घेतला की पाकिटावर तिकीट चिकटवल्यासारखं वाटतं, अशी व्हर्लिनची कुरकुर होती. ऑक्टोबरमध्ये एकदा मक्याचं सूप फार गरम होतं म्हणून तिने फुंकर मारली, आणि सूप व्हर्लिनच्या शर्टावर उडालं. दोघांना इतका आनंद झाला की शर्ट तसाच राहिला.

ओठ परत आले, मागोमाग वरच्या सुरकुत्याही परत आल्या. लोर्नाने त्यांना येऊ दिलं. खालचा फिलर तेवढा ती वर्षातून एकदा भरून घेते, आणि मारिसेलाला आता कामधंद्याबद्दल खरं सांगते.

पण तिच्याशेजारी बब्बा फार थकलेला दिसू लागला. हिवाळ्यात खेळ बंद असताना लोर्नाने त्याला एका सुताराकडे नेलं आणि जरा तरुण करून द्या म्हणाली. सुताराने मनापासून काम केलं. चिरा बुजवल्या, वर वॉर्निशचे थरावर थर दिले. मार्चमध्ये पहिल्या खेळाला लोर्नाने पाठीमागची दोरी ओढली, तर जबडा हलेना. ती पुन्हा ओढायला गेली, तर दोरीच हातात आली.

"आज हा रुसलाय," तिने लोकांना सांगितलं, आणि अख्खा खेळ एकटीने बोलून काढला. बब्बा तिच्या मांडीवर चकचकीत गाल घेऊन गप्प बसला होता. व्हर्लिनने दिवे मालवले आणि बुजलेल्या चिरा उकलायला लोणी लावायची सुरी शोधत तो मुदपाकखान्यात गेला.