नाल्याच्या तोंडाशी पाणकणीस

तळ्यातलं पाणकणीस काढणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला साहेब म्हणायचा, मी त्याला मामा. सोलापुरातल्या तळ्यांच्या देखभालीचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. दरवर्षी तो विळा घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरायचा. पण बुडखे पाण्यावर वीतभर ठेवायचा, आणि जिथे नाला तळ्यात येतो तिथला पट्टा तर शिवायचाच नाही.

"मामा, हे राहिलं की!"

"ऱ्हाऊ द्या साहेब. घान तितंच आडती. आन् पान्याखाली कापलं तर मुळं गुदमरत्यात की."

मला वाटलं, पुढच्या वर्षीचं काम टिकवायला सबबी सांगतोय. मी वर लिहून कळवलं, माणूस कामचुकार आहे. त्याला काढलं, मशीन आलं, सगळं पाणकणीस मुळासकट गेलं. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडलं, वास सुटला, मासे उलटे तरंगले.

परवा तो नाल्याच्या तोंडाशी दिसला. मंद्रूपकडच्या ओढ्यातून आणलेले पाणकणसाचे गड्डे एकटाच चिखलात रोवत होता. मला पाहून नेहमीसारखा हसला.

"मामा, तुमच्याविरुद्ध मीच लिहिलं होतं."

"ठावं हाय की. तवाच कळलं," तो म्हणाला. "हे धरा जरा, लई जड हाय."

त्यानं मला माफ केलं की नुसतं कामाला लावलं, अजून कळत नाही. मी बूट न काढताच चिखलात उतरलो.