अर्धा कप, भरलेला कप

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरशासमोर उभी राहून चिनी भाषेत स्वतःची ओळख करून देत होते. तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती. ती पास झाले तरच सुप्याच्या चिनी कंपनीच्या कारखान्यात मला दुभाषी म्हणून घेणार होते... आणि शिकवणाऱ्या ताई अशा मध्येच निघून गेल्या.

ताई पुण्यात बरीच वर्षं चिनी कागदपत्रांची भाषांतरं करून पारनेरला परतल्या आणि पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत त्यांनी आमचा वर्ग सुरू केला. खाली गिरणीची घरघर, वर आमचे उच्चार. दळण घेऊन आलेली माणसं वर बघून हसायची. वर्गात चहा करायच्या आक्का, ताईंच्या मोठ्या बहीण. ओतायच्या मात्र ताईच, आणि तेही उत्तर ऐकून. पाठ केलेलं उत्तर दिलं की अर्धा कप. स्वतःचं काही सांगितलं, वर त्याचं कारण सांगितलं, तर भरलेला.

"हिवाळ्यात काय करतेस?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी पुस्तकातलं उत्तर धडाधड म्हणून दाखवलं: मैत्रिणींबरोबर बर्फावर घसरायला जाते.

"पारनेरात कुठं गं बर्फ? चूक एक न्हाई, पन त्यात तू कुठं हायेस? हुरडा खात न्हाईस व्हय?"

"हुरड्याला चिनी शब्द कुठंय, ताई?"

"नसू दे की. कोवळी जवारी, शेतात भाजलेली, असं सांग. शब्द अडला म्हनून गप बसायचं न्हाई. ऐकनाऱ्याला फुडचं इचारावं वाटलं पायजे, ते खरं उत्तर."

कित्येक महिने मला अर्धाच कप मिळाला. लई राग यायचा.

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, आवडतं पेय कोणतं? चहा, म्हणाले, आणि अर्ध्या कपाची सगळी हकीकत सांगून टाकली. चुका झाल्याच, पण बाई खळखळून हसल्या आणि हातातला कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्या अजून देतात का चहा?" मी अडकले. वारल्या, याला शब्दच आठवेना... मग म्हणाले, "आता त्यांची बहीण ओतते." बाईंनी हळूच मान हलवली.

परवा निकाल लागला आणि मी थेट गिरणीवरच्या खोलीत गेले. आक्कांनी चहा ठेवला. ताईंची फार आठवण आली.

"काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"पास झाले."

त्यांनी अर्धा कप माझ्यापुढं सरकवला आणि किटली तशीच हातात धरून बसल्या.

"मग? फुडं बोल की."