डोईमागं किती कापूस

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. पक्कं आठवते, कारण कापूस वेचायला नेणारी ऑटो त्याच टायमाला येते आणि माझं लेकरूही नेमकं त्याच टायमाला शी करते! वेचणीतले किस्से बोंडांसारखेच. एक वेचला की पुढच्या झाडावर दोन फुटलेले.

जैनथ गावाकडं आमची नऊ बायांची टोळी आहे. कापूस एकत्र मोजायचा, मजुरी सारखी वाटायची. माझं बाळ आठ महिन्यांचं, बांधावरच्या झोळीत. पाजायला मी चारदा उठते, म्हणून माझी कमरेची कापसाची ओटी सगळ्यांत हलकी. टोळीतून काढतील का, हीच धास्ती.

त्या आठवड्यात दहावीच्या वर्गाला सुट्टी होती. आमची म्होरकी शांताकाकू, तिची दहावीतली नात प्रणाली ऑटोत पुस्तक वाचत होती. "आजी, आपला देश आन् चीन पह्यले बरोबरीत होते. दर माणशी कमाई पाह्यली तं आता चीन लय पुढं गेला."

"काऊन व?" काकूनं विचारलं.

कमलाबाई माझ्याकडं पाहून म्हणाली, "चारदा उठत असंन कोनीतरी!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. बाळाला पदराआड घेतलं.

•

त्याच वावरात पैनगंगेपलीकडची बारा बायांची टोळी यायची. दोन्ही टोळ्या एकाच वर्षी सुरू झालेल्या. आता रोज त्यांचाच ढीग मोठा. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं 'चीनवाल्या'.

शांताकाकूला तो ढीग पाहून जेवण जाईना. प्रणालीनं वहीत भागाकार केला. "आजी, ढीग नोको पाहू, डोकी मोज! डोईमागं आपला कापूस जास्त हाये!"

काकूनं सगळ्यांना चहा पाजला. "प्या व बायांनो, देश पुढं गेला!"

•

दुसऱ्या दिवशी कमलाबाईची म्हातारी सासू वेचणीला हात लावायला आली. कमलाबाई घाबरली. "तुमी बांधावर बसा, मामी. एक डोई वाढते!"

"बसतो नं माय," सासू म्हणाली. "डोई घरी ठेवून येऊ का?"

•

मग प्रणालीनं पुढचं पान मोठ्यानं वाचलं. भागाकारात सगळेच धरतात. म्हातारे, आजारी, पाळण्यातलेसुद्धा.

झालं! चीनवाल्यांची म्होरकी बांधावरून ओरडली, "मंग झोळीतलं धरा, म्हातारी धरा! नवाच्या अकरा झाल्या! आमीच पुढं!"

प्रणालीनं पुन्हा भागलं. खरंच आम्ही मागं पडलो. सगळ्यांच्या नजरा झोळीकडं. मी बाळाला उचललं. "काकू, उद्यापासून मी नाही येत."

सगळ्या पुन्हा वेचायला वाकल्या. कमलाबाईसुद्धा.

•

दुसऱ्या दिवशी मी दार लावून बसले. सहा दहाला ऑटो दारात. हॉर्न थांबेना.

"काकू, माझ्यापायी टोळी मागं पडते."

"एका दिवसाचं पाह्यतात का कधी? पुस्तकात वर्षं मोजतात. हे पोर मोठं होऊ दे, मंग पुन्हा भागू. बस ऑटोत!"

वावरात उतरल्याबरोबर काकू तडक चीनवाल्यांच्या म्होरकीकडं गेली.

"तुमची लेकरं कुठी हायेत व?"

"घरी."

"कोनाजवळ?"

म्होरकीनं आपल्या बायांकडं पाहिलं. मागून एक बाई हळूच म्हणाली, "माही सहा वर्षांची पोरगी पाह्यते लहान्याले."

"मोजाची असंन तं साऱ्यांची मोजू," काकू म्हणाली. "उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी बांधावरच्या निंबाला सहा झोळ्या. पाच त्यांच्या, एक माझी. ती सहा वर्षांची पोरगी दप्तर घेऊन शाळेत गेली म्हणे.

प्रणालीनं वही उघडली, तर काकूनं ती मिटली.

आणि कमलाबाईनं आपली ओटी सोडून सासूच्या कमरेला बांधली, निंबाखाली जाऊन बसली आणि एका हातात तीन झोळ्यांच्या दोऱ्या धरल्या. "माह्याकडं काय पाह्यता? वेचा!"

तुमच्या गावात कोणाचं लेकरू घरी एकटं राहत असेल, तर त्याच्या आईला एवढा निरोप द्या: निंबाला अजून फांद्या आहेत. ऑटो सहा दहाला येते.