पुठ्ठ्यावरचा टाइपरायटर

तुमच्या ऑफिसात नवी यंत्रणा आली की ती शिकवायला माणूस येतो आणि शिकण्याचे तास कामातच धरतात, हे तुमच्या पत्रातून कळलं. आमच्याकडे काय होत असे, ते लिहून ठेवते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर दोनेक वर्षांनी पुसदच्या आमच्या कचेरीत मराठी टाइपरायटर आला. मला इंग्रजी टायपिंग येत होतं, म्हणून महिनाभर शिकायला अमरावतीला मला पाठवलं. खरं तर माझ्या मराठी मसुद्यांतल्या चुका काढत ते आमचे नकलनवीस. वीस वर्षं सुंदर अक्षरात नकला लिहिणारा माणूस. त्यांना कोणी विचारलंही नाही. तीन महिन्यांनी जिल्ह्याचे साहेब परीक्षा घेणार, आणि नापास होईल त्याने रेकॉर्ड रूममध्ये जुनी दप्तरं झाडत बसायचं, एवढंच कळवलं. त्यांना दमा होता.

ते माझ्याकडे आले. "बाई, दुपारच्या सुट्टीत अर्धा घंटा मशीनवर बसू द्या ना मले. कोणतं अक्षर कुठं लपून बसलं तेवढं पाह्यतो."

शेजारून आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, म्हणाले, "बाजाची पेटी आहे काय हे, कोणीबी येऊन बोटं फिरवायले? बिघडलं तं भरून कोण देईन?"

मशीनच्या पेटीची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये असे. ती मिळाल्याची सही मी केली होती, आणि परवानगीवाचून मशीन कोणाला द्यायचं नाही असा नियम होता. मी नियम पाळला. त्याऐवजी एका पुठ्ठ्यावर पट्टीने आखून सगळ्या कळा काढून दिल्या. फार मोठे उपकार केले असं तेव्हा मला वाटलं.

तीन महिने ते रोज डबा खाऊन झाला की त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवत. येणारे-जाणारे हसत. "काहून काका, तबला शिकून राह्यले का?" ते मान वर न करता म्हणत, "हो, तुह्या वरातीत वाजवतो."

परीक्षेला एक मूळ प्रत आणि कार्बन लावून तीन नकला काढायच्या होत्या. त्यांनी कळांकडे न पाहता उतारा टाइप केला, एकही बोट चुकलं नाही. साहेबांनी कागद काढले. वरच्या प्रतीवर अक्षरं पुसट होती. कार्बनखालचे तिन्ही कागद जवळजवळ कोरे. कळ किती जोराने मारायची, हे पुठ्ठ्याने त्यांना शिकवलं नव्हतं.

"हवेत टाइप केलं काय हो?" बडे बाबू म्हणाले. साहेबही हसले.

काय झालं ते त्या खोलीत फक्त मला कळलं होतं. आठ दिवस मशीन द्या, हात बसेल, एवढंच सांगायचं होतं. साहेबांपुढे आपण होऊन बोलायची रीत नव्हती. मी बोलले नाही.

पुढच्या सोमवारी त्यांना रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. आठवडाभराने मी चावी घेऊन तिथे गेले. ते नाकाला रुमाल बांधून दप्तरं झाडत होते. म्हटलं, "काका, दुपारी या. मी शिकवते."

"आता कायले, बाई?" ते म्हणाले. "जागा तं भरली. तुमचा नियम कायले मोडता माह्यासाठी?"

निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. शेवटच्या वर्षी तर निम्मे दिवस रजेवर असत. माझ्या कामावर मात्र दरवर्षी चांगला शेरा पडत गेला.