साहेबांची झोप आणि मनकर्णाबाईंचं शटर

सिडकोतल्या त्या गल्लीत सगळ्यांची दारं कुरकुरायची. मनकर्णाबाईंच्या गॅरेजचं शटर मात्र मांजराच्या पावलांनी वर जायचं. गॅरेजातली जुनी फियाट नवरा रामकिसन चालवायचा, पण शटर बाईंच्या ताब्यात. दर अमावास्येला त्या दोन्ही बाजूंच्या खाचा पुसायच्या, पट्ट्या झटकायच्या, ग्रीसचं बोट फिरवायच्या. सासूचे पायही त्यांनी इतक्या मायेनं चेपले नसतील.

शेजारी तात्यासाहेब. जमीन करमाडला, बंगला इथं, आणि जीप बाईंच्या शटरपुढं. "पाच मिंटं" म्हणून लावलेली जीप दिवस मावळला तरी हलायची नाही. बाईंनी तेही सोसलं.

सोसलं नाही ते नणंदेच्या पोरीच्या लग्नाचं. पैठणला गोरज मुहूर्त, आणि रामकिसन नवरीचा सख्खा, एकुलता मामा. पोरीला बोहल्यावर आणायचा मान त्याचा. दुपारी रामकिसन फेटा बांधून तयार. शटर वर केलं, तर पुढं जीप! बाई तरातरा तात्यासाहेबांच्या फाटकाशी गेल्या. ओसरीवर त्यांचा गडी कडूबा तंबाखू मळत होता.

"किल्ली आण रे, लग्नाला जायचंय."

"किल्ली उशाखाली हाय, बाई. अन् साहेब झोपलेत."

"मग उठव की!"

"मला नोकरी करायचीय," कडूबा म्हणाला.

शेवटी दोघं एसटीत उभ्यानं गेले. पोचले तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. कुणा लांबच्या मामानं पोरीला बोहल्यावर आणलं होतं. बहीण रामकिसनला एवढंच म्हणाली, "आलास का दादा? जेवून जा."

परतीच्या एसटीत रामकिसन फेटा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंनी एकदा फेट्याकडं पाहिलं आणि तिथंच ठरवलं: तात्यासाहेबांच्या दुपारच्या झोपेचं वाटोळं करायचं.

"जाऊ दे गं," रामकिसन म्हणाला.

"तुमचं जाऊ द्या. माझं जात नाय."

दुसऱ्या दिवसापासून शटरची सेवा उलटी सुरू झाली. ग्रीस रॉकेलनं धुऊन काढलं, खाचांत राख भरली, पट्ट्यांवर रोज मिठाचं पाणी. पंधरवड्यात शटर असं किंचाळायला लागलं की विजेच्या तारेवरचे पारवे उडायचे. जेवण करून तात्यासाहेब आडवे झाले, घोरण्याचा पहिला सूर लागला, की बाई शटर वर करायच्या. सूर तुटायचा. पुन्हा लागला की खाली.

"हे काय लावलंय वहिनी?"

"गाडीला हवा लागाया पायजे ना, भाऊजी!"

जीप निमूट दुसऱ्या बाजूला गेली. जीप हलली, बाई हलल्या नाहीत. साहेबांच्या डोळ्यांखाली काळं चढत गेलं तशी बाईंची तब्येत सुधारत गेली.

मग तात्यासाहेबांनी डोकं चालवलं. घरच्या घाण्याचं करडीचं तेल त्यांच्या मते गुडघेदुखीपासून गाडीच्या आसापर्यंत सगळ्यावर चालायचं. बाई भाजीला गेलेल्या बघून त्यांनी कडूबाकडून अख्खी बाटली शटरच्या खाचांत ओतवली. शटर गप्प झालं. साहेब ढाराढूर झोपले. बाईंना चार घास गोड लागेनात.

पण त्या तेलात बाईंची राख होतीच, वरून उन्हाळ्याची धूळ. तेल सुकून चिकट झालं, आणि एका सकाळी शटर जागचं हलेना. जब्बार मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खाचेत बोट घालून वास घेतला.

"करडी का तेल किसने डाला, बाई? गोंद हो गया. पट्टी पट्टी ठोकके निकालनी पडेगी. लेकिन सुबे मैं गुलमंडी की दुकानों पे रहता. दोपेर को आऊँगा."

बाईंचा चेहरा उजळला. "दुपारीच ये, भाऊ. अन् अजिबात घाई करू नको."

दुपारी जब्बारनं हातोडा उचलला. बाई ओसरीवर बाज टाकून, तोंडावर पदर घेऊन आडव्या झाल्या. थोड्या वेळानं तात्यासाहेब लाल डोळ्यांनी स्वतः बाईंच्या फाटकाशी आले. फाटकात रामकिसन उभा होता.

"रामकिसनराव, थांबवा की हे! वहिनी कुठायत?"

रामकिसननं बाजेकडं पाहिलं. पदराआड बाई श्वास रोखून ऐकत होत्या. आता हा मऊ पडणार, याची त्यांना खात्रीच होती.

"झोपल्यात," रामकिसन म्हणाला.

"ह्या ठोकाठोकीत? मग उठवा की!"

"मला संसार करायचाय, तात्यासाहेब," म्हणत त्यानं फाटकाला कडी घातली आणि जब्बारकडं वळला. "मिस्त्री, जरा जोरात."